खालून कोण पाहते?

आमच्या दादाने १९९७ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. आमच्या साऱ्या नातलगांत ती पहिली मोटार. गाडी १९९२ची, नागपूरच्या एमएच-३१ पासिंगची, रंग पांढरा. दादा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कामगार होता. १९८३ साली येथला पहिला संच सुरू झाला, त्याच सुमारास तो गाव सोडून इकडे आला आणि काही वर्षांनी त्याने मलाही आणले. मी बॉयलरच्या देखभालीत फिटर म्हणून लागलो. आज जे काही आहे ते त्या नोकरीमुळे आणि दादामुळे.

गाडी नावाला दादाची होती, पण वापरात साऱ्या वस्तीची. रात्री-बेरात्री कोणाची लेक बाळंतपणाला अडली की दादाचे दार वाजायचे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्या सोहळ्याला स्वतः हजर असलेल्या दोन म्हाताऱ्या आमच्या ओळीत होत्या. दर ऑक्टोबरात दादा त्यांना दीक्षाभूमीवर नेऊन आणायचा. पाच माणसांच्या गाडीत आठ बसायची. मागचा भाग जमिनीला टेकायच्या बेतात यायचा आणि दादा हसून म्हणायचा, "पाटे मजबूत आहेत, बसा."

२०१९ साली दादा गेला. गाडी वहिनींच्या नावावर झाली. २०२२ मध्ये नोंदणीचे नूतनीकरणही केले, पण चालवणार कोण? माझ्या क्वार्टरच्या बाजूला टिनाच्या शेडखाली ती उभी राहिली. येत्या मे महिन्यात मी सेवानिवृत्त होतो आहे. क्वार्टर सोडावे लागेल आणि शेडही जाईल. इकडे दुर्गापूरला वहिनींच्या घराचा स्लॅब दोन पावसाळ्यांपासून गळतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी विकून टाका. पावसाच्या आधी छत तरी होईल."

गिऱ्हाईकही मिळाले. मूलकडचा एक तरुण लग्नात नवरदेव-नवरीला अशा जुन्या गाड्या भाड्याने देतो. पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन जवळजवळ पाव शतक झाले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३च्या ऑक्टोबरात बाद झाली. त्यामुळे आता ज्याच्याकडे चालती पद्मिनी आहे, तिला हौसेचे मोल आहे. मधला दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "वरचा रंग ठीक आहे जी. फक्त खालून काळा पेंट मारून टाका. पोरगा टॉर्च लावून खाली पाहते. काळं चकचकीत दिसलं का सौदा पक्का."

मला त्यात काही वावगे वाटले नाही. अर्धा लिटर काळा पेंट आणि दोन इंची ब्रश आणला. रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली आणि खाली शिरून मागच्या पाट्यांवर, शॉकअपवर, एक्सलवर जसा हात पोहोचेल तसा ब्रश फिरवू लागलो. धूळ, जुने ग्रीस, गंज, सगळ्यांवरून एकच हात. तासाभरात एक बाजू नव्यासारखी दिसू लागली.

इतक्यात माझी धाकटी आली. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. आल्या आल्या ती आधी ओरडली, "बाबा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरले? बाहेर या अगोदर!" मी बाहेर आलो. मग तिने पेंट पाहिला.

"गंज काढला का?"

"अवं, खालून कोण पाहते?"

"मी पाहून राहिली ना," ती म्हणाली. हातातल्या पेचकसाने तिने पाट्याच्या कडेला जरा टोकरले, तर ओल्या पेंटसकट गंजाची पापडी निघून माझ्या पायाजवळ पडली. तिच्या मागच्या बाजूला तांबडी भुकटी होती. "रंग लोखंडाला लागला नाही बाबा, गंजाला लागला. गंज आतून वाढतच राहील. एका पावसात हे सगळं गळून पडेल." मी म्हणालो, "तोवर गाडी विकली जाईल." ती काही बोलली नाही. नुसती पाहत राहिली. मला ते पाहणे आवडले नाही आणि मी घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर एका वेल्डिंगची डीपी टेस्ट होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. धातूत डोळ्यांना न दिसणारी भेग आहे की काय हे पाहायचे असले की आम्ही तो भाग पार स्वच्छ करतो, त्यावर लाल द्रव मारतो, काही वेळ मुरू देतो, पुसून काढतो आणि वरून पांढरी भुकटी फवारतो. भेग असली तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. एवढी वर्षे मी हे काम करतो आहे. तपासणीच्या आधी त्या जागेवर कोणी रंग मारला असता तर मीच त्याला झापले असते. आणि आदल्या दिवशी मी घरी काय केले होते? ज्या पाट्यांवर गाडीचे आणि माणसांचे सारे वजन पेलले जाते, ते न पाहता, न तपासता काळे करून टाकले होते. सरकारी लोखंडाला एक न्याय आणि दादाच्या गाडीला दुसरा. संध्याकाळी घरी येऊन लेकीला म्हटले, "तू म्हणतेस तसे करू."

पुढचे पाच रविवार आम्ही बापलेक त्या कामात होतो. सायंकाळ व्हायच्या आत मात्र आवरून घ्यायचे. २०२२च्या फेब्रुवारीत आमच्या भागात वाघ-बिबट्यांनी माणसे मारली, तेव्हापासून अंधारात कोणी बाहेर रेंगाळत नाही.

पहिले काम सुरक्षेचे. गाडी सपाट जागी घेतली, पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, जॅकने मागचा भाग उचलून चेसिसखाली दोन लोखंडी घोड्या दिल्या आणि मग चाके काढली. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. जॅक सरकून गाडीखाली सापडलेल्या मेकॅनिकच्या गोष्टी आपल्या प्रत्येक शहरात आहेत.

पद्मिनीला मागे पोलादी पाटे असतात आणि पुढे स्प्रिंगा. पुढची दाबलेली स्प्रिंग चुकीची सोडली तर हात-तोंड फोडते, म्हणून ती घरी सोडायची नाही हे लेकीने आधीच ठरवले. पुढचे काम ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेतले. मागचे पाटे आम्ही उतरवले. एक्सलला खालून वेगळा आधार दिला, शॉकअप सोडले, यू-बोल्ट सोडले, मग शॅकलचे बोल्ट. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवले होते, तरी दोन नट छिन्नीनेच निघाले. पाट्यांचा जुडगा व्हाइसमध्ये घट्ट धरून मगच मधला बोल्ट काढला. नाहीतर पाटे एकमेकांना ढकलून उसळतात.

मग साफसफाई. पूर्वी घरात रॉकेल असायचे, आता नाही. म्हणून डिझेलने ग्रीस धुतले, नंतर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने चोळले आणि उन्हात कोरडे केले. रबरी बुश डिझेलपासून दूर ठेवले, कारण डिझेल-थिनरने रबर फुगते. त्यावर तारेचा ब्रश, मग आधी ८० नंबरचा आणि नंतर १२० नंबरचा पेपर. जुन्या पेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरात. गाडी तर १९९२ची. म्हणून जुना पेंट कोरडा न घासता पाणी लावून घासला, नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा. शेजारची लेकरे आली की लेक त्यांना पिटाळायची आणि मला हात धुतल्याशिवाय चहा देत नसे.

गंज लवकर निघेना तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काहून एवढी मेहनत करून राहिले जी? संडास साफ करायच्या तेजाबात बुडवून ठेवा रातभर. सकाळी चांदीवानी निघते." मला ते पटले होते. लेकीने हात धरला. तिने समजावून सांगितले ते सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. साध्या लोखंडाचे एक वेळ चालेल, पण पाटा किंवा स्प्रिंग हे कडक केलेले पोलाद असते. तेजाबाची लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन निघतो, तो पोलादाच्या आत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. वरून पाटा चांदीसारखा दिसतो आणि पुढे कधीतरी वजनाखाली काडीसारखा तुटतो. त्याच कारणाने पाट्याला वेल्डिंग करायचे नाही, गॅसने तापवायचे नाही आणि ग्राइंडरने खाचा पाडायच्या नाहीत. पोलादाचे पाणी उतरते, किंवा त्या खाचेतूनच भेग सुरू होते.

तिसऱ्या रविवारी पाटे स्वच्छ झाले. करडे, मूळचे पोलाद दिसू लागले. आता पेंट मारायला हरकत नव्हती. पण माझ्या मनातून ती डीपी टेस्ट जाईना. कंपनीचे सामान घरी आणायचे नाही हा दादाचा नियम मी कधी मोडला नाही. म्हणून जुन्या वर्कशॉपमधली युक्ती केली. पाटे रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवले, सकाळी कापडाने खडखडीत पुसले आणि फळ्यावरचा खडू कुटून त्याची भुकटी वर चोळली. भेग असली तर तिच्यात मुरलेले तेल हळूहळू बाहेर येऊन खडूला ओलावते. बारीक भेग या उपायाने दिसेलच याची खात्री नाही, पण नुसत्या डोळ्यापेक्षा बरे.

आम्ही चहा घेऊन परत आलो. डाव्या बाजूच्या मुख्य पाट्यावर, जिथे टोक वळवून बुशसाठी गोल केलेले असते त्याच्या जरा अलीकडे, पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटली होती. पाट्याच्या निम्म्या रुंदीपर्यंत. लेकीने पुसून पुन्हा भुकटी लावली. रेघ पुन्हा आली.

मी तिथेच पाट्यावर बसलो. (हा लाकडी पाटा, बसायचा.) जागा तीच होती, जिथे पहिल्या रविवारी माझा ब्रश फिरला होता. बाकीचे पाटे वजन पेलतात, पण चेसिसला बांधलेला असतो तो मुख्य पाटा. तो तुटला तर मागचा एक्सल त्या बाजूने सरकतो आणि चालती गाडी हातात राहत नाही. मूलचा रस्ता जंगलातला. गाडीत नवरा-नवरी, करवली, मागे बसलेली आजी. मला पुढचे सुचेना.

पण खरे सांगायचे तर त्या क्षणी दुसराही विचार मनात आला. रेघ फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. नवा पाटा म्हणजे पुन्हा खर्च. वहिनींचे छत. पावसाळा तोंडावर. प्रायमर आणि पेंटचे दोन हात दिले की रेघ कोणाच्या बापाला दिसणार नव्हती. गरिबीत वाढलेल्या माणसाला असे विचार येतात. ते लपवून मी मोठा होणार नाही.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. पाटा सोबत नेला. काय झाले ते सांगितले आणि खर्चाचेही सांगितले. वहिनी शिकलेल्या नाहीत. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवले, त्यांना काही लागले नाही. म्हणाल्या, "दिसत तर काहीच नाही जी."

"दिसत नाही, म्हणूनच विचारायला आलो."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "यांनी एवढ्या बायका दवाखान्यात नेल्या. कोणाचं लेकरू वाटंत गेलं नाही. आता यांच्या गाडीत लोकाचं लेकरू बसल. मले असं छत नाही पाहिजे." आणि थोड्या वेळाने, "घमेलं ठेवलं तर एक पावसाळा निघते."

चंद्रपूरला कमानी-पाट्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन्ही बाजूंची कमान मापली आणि एकाच बाजूचा मुख्य पाटा बदलू नका म्हणाला. एक नवा, एक बसलेला, असे झाले तर गाडी एका अंगाला झुकते. दोन्ही मुख्य पाटे नवे घेतले, यू-बोल्ट, मधले बोल्ट आणि रबरी बुशही नवे. बाकीचे पाटे तपासून चांगले निघाले.

मग पेंट. पेंट हे शेवटचे काम आहे, पहिले नाही, हे मला या वयात लेकीकडून शिकावे लागले. साफ केलेल्या पोलादाला उघडे ठेवले तर रात्रीतून तांबूस छटा येते, म्हणून त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमरचा पातळ हात दिला. तो वाळल्यावर दुसरा. मग काळ्या सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात. जाड एक हात दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. तापलेल्या लोखंडावर रंग मारला तर फोड येतात, म्हणून पहाटे सहाला काम सुरू आणि नऊला बंद. हवेतली धूळ बसू नये म्हणून जुन्या मच्छरदाणीत पाटे टांगले. येणारा-जाणारा विचारायचा, "पाट्याले मच्छर चावते का जी?"

बोल्टच्या आट्या, बुशची भोके आणि शॉकअपचा चकाकता दांडा यांना पेंट लागू दिला नाही. पाटे एकमेकांवर जिथे घासतात तिथे पेंटऐवजी ग्रॅफाइटचे ग्रीस लावले. जुळणी करताना शॅकलचे बोल्ट आधी नुसते धरून ठेवले, गाडी चाकांवर खाली घेतली आणि वजन आल्यावरच पक्के आवळले. लटकत्या पाट्यावर आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. शंभर किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा एकदा तपासले.

गिऱ्हाईक आले. पोरगा टॉर्च घेऊन खाली वाकला. खालचे काळे चकचकीत पाहून खूश झाला. दलालाने मला डोळा मारला. मी भेगेचा जुना पाटा त्या पोराच्या हातात दिला आणि खडू लावून रेघ दाखवली. काय बदलले, काय जुनेच आहे, कोणते काम आम्ही घरी केले आणि कोणते मेकॅनिकने, सगळे सांगितले. दुकानाची बिले दिली.

अशा गोष्टींत पुढे गिऱ्हाईक खूश होऊन जास्त पैसे देतो, असे आपण वाचतो. तसे काही झाले नाही. तो म्हणाला, "काका, एवढं जुनं काम निघालं म्हणजे आणखी काही निघेल," आणि ठरलेल्या भावातून चार हजार कमी केले. दलाल माझ्यावर चिडला, आजही बोलत नाही. पाट्यांचा खर्च आणि ही तूट धरून वहिनींच्या हाती कमीच पैसे आले. त्यात अर्ध्या स्लॅबचे काम झाले. उरलेल्या अर्ध्याखाली यंदा घमेले राहील, आणि पुढचे मी माझ्या ग्रॅच्युइटीतून करणार आहे. वहिनी नको म्हणतात. पण तो आमचा घरचा वाद आहे.

गाडी मूलकडे निघाली तेव्हा वहिनी रस्त्यापर्यंत आल्या. त्या रडल्या नाहीत. पोराला एवढेच म्हणाल्या, "बापू, पाचच बसव हो."

जुना पाटा मी भंगारात दिला नाही. पाट्याचे पोलाद चांगले, आपले लोहार त्याचे विळे-कुऱ्हाडी करतात. भेगेचे टोक कापून टाकले आणि उरलेल्यातून लोहाराकडून दोन विळे घडवून घेतले. एक वहिनींकडे आहे, एक आमच्याकडे.

आपल्यातील पुष्कळ बांधव आज ऑटो, काळी-पिवळी, मिनीडोर चालवून पोट भरतात. गाडी जुनी असते, पासिंग जवळ आले की खालून काळा पेंट मारायची पद्धत सगळीकडे आहे. मीही तेच करायला निघालो होतो, आणि माझ्याकडे तर आयुष्यभराचे ज्ञान होते. म्हणून माझे सांगणे एवढेच. पेंट मारा, जरूर मारा, गाडी टिकते. पण आधी घासा, मग तपासा, आणि मगच ब्रश हातात घ्या. आणि घरात शिकलेली लेक असेल तर तिला पेचकस घेऊन जवळ उभी राहू द्या. खालून कोणीतरी पाहते आहे, हे माणसाला माहीत असलेले बरे.